छातीत आवळणारा कोट

मास्तरांनी तीस वर्षं लोकांचे कोट शिवले, स्वतःसाठी मात्र एकही नाही. यंदा डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगून रोज चालायचा हुकूम सोडला, तेव्हा कुठे त्यांनी उरलेल्या लोकरी कापडातून स्वतःचा कोट बेतला. काजं-बटणं आणि हातशिलाई नेहमीप्रमाणे मास्तरीणबाईंची. बाईंनी शाळेत कुणाला शिकवलं नव्हतं, पण टेलरमास्तरांची बायको म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तरीणबाईच म्हणे.

दुकान नवाला उघडायचं, म्हणून मास्तर उजाडायच्या आत निघत. थंडी तर अशी की नळाखाली हात धरला तर बोटं आपली वाटत नसत. अंथरुणातून उठायचं, कोट चढवायचा आणि थेट पाण्याच्या टाकीचा चढ, तोही मागे कुणी लागल्यासारखा. ऊन पडल्यावर जा, असं बाईंनी सांगून पाहिलं. पण ऐकतील ते मास्तर कसले!

आठवड्याभरानं एक दिवस फिरून आले ते कुरकुरतच.

"कोट छातीत आवळतोय गं. चढावर श्वासच पुरत नाही."

"आणि मग?"

"टाकीपाशी दोन मिनिटं उभा राहिलो, सुटलं."

त्या दुकानाचा एक नियम होता. गिऱ्हाईक आवळतंय म्हणालं की वाद घालायचा नाही. उसवायचं आणि सैल करून द्यायचं. बाईंनी तेच केलं. शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड, ज्याला शिंपी माया म्हणतात, ते अर्धा इंच सोडलं. चार दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. पुन्हा अर्धा इंच.

"तीस वर्षांत एक कपडा परत आला नाही, आणि स्वतःच्याच मापात चुकलात की हो!" बाई म्हणाल्या.

मास्तर हसले, पण नेहमीइतकं नाही. डावा खांदा चोळत मशीनवर जाऊन बसले.

फिरून आल्यावर तोच कोट अंगात ठेवून मास्तर तासभर पेपर वाचत. तेव्हा तो आवळत नसे. हे रोज बाईंच्या डोळ्यांसमोर घडत होतं, पण दिसणं वेगळं आणि लक्षात येणं वेगळं.

तिसऱ्या खेपेला मात्र त्यांनी मास्तरांना उभं केलं, बटणं लावली आणि आत हात घालून पाहिला. अख्खी मूठ फिरली.

"अहो, हा तर ढगळ झालाय. उद्या चालायला जाऊ नका. आधी डॉक्टरांकडे जाऊ."

"डॉक्टरांनीच तर चालायला सांगितलंय. उगाच राईचा पर्वत करू नकोस."

दुसऱ्या दिवशी बाईंना जाग आली तेव्हा खुंटीवर कोट नव्हता. मास्तर टाकीच्या चढावर बसलेले पेपरवाल्याला सापडले. त्या कडाक्याच्या थंडीत त्यांना दरदरून घाम फुटला होता.

हॉस्पिटलात मास्तरांना आत नेलं. डॉक्टर बाहेर येऊन बाईंशी बोलले.

"थंडीत रक्तवाहिन्या आक्रसतात, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. त्यात अंग गरम न करता एकदम चढ! चालणं चांगलंच, पण ऊन पडल्यावर, सपाटीवर, नाकातोंडावर मफलर घेऊन. आणि छाती आवळली की चालणं बंद, तडक इथं यायचं. किती दिवस आवळत होती?"

"आठवडा झाला असेल."

"मग तुम्ही काय केलंत?"

"कोट सैल केला," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. मग बाईंनी सगळं सांगितलं, कुठल्या दिवशी कुठली शिवण उसवली तेही. डॉक्टर चिडले असते, दोन शब्द बोलले असते, तर बाईंना बरं वाटलं असतं. पण ते चिडले नाहीत.

"आजचा दिवस निघू द्या," एवढंच म्हणाले आणि आत गेले.