दिगूमामा आणि माझं वैध मॉडेल

माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न माझ्यामुळं मोडता मोडता राहिलं, आणि तेही पूर्णपणे शास्त्रशुद्ध पद्धतीनं.

मी इथं संभाजीनगरात एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि उरलेल्या वेळात पीएचडी करतो. (बापू, म्हणजे माझे वडील, हे नेमकं उलटं सांगतात.) विषय आहे एक्सएमएलवर आधारलेल्या मॉडेलिंगच्या भाषा आणि साधनं. घर बांधायच्या आधी नकाशा काढतात, तसा सॉफ्टवेअरचाही काढतात. तो नकाशा एक्सएमएल नावाच्या संगणकी भाषेत लिहायचा, माझं साधन तो तपासणार आणि त्यातून चालतं सॉफ्टवेअर बनवून देणार! बापूंना हे समजावलं तर म्हणाले, "म्हंजी तू स्वतः काहीच नाय करणार."

माझ्या गाइड मॅडमही जवळपास तेच म्हणाल्या. "कागदावर छान आहे. खऱ्या माणसांवर चालवून दाखवा." खरी माणसं कुठून आणायची? तेवढ्यात मेघाचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न ठरलं. म्हटलं, देव पावला!

मी अख्ख्या लग्नाचं मॉडेल लिहायला घेतलं. वरपक्ष, वधूपक्ष, त्यांच्या आत माणसं, माणसांच्या आत कामं. लग्नाच्या सकाळी प्रत्येकाच्या मोबाइलवर आपोआप मेसेज जाणार, तू कुठल्या बाजूचा आणि तुझं काम काय. आई म्हणाली, "अरे, लोकायला माहीत असतंय की." मी हसून सोडून दिलं. आईला संशोधनातलं काय कळतंय!

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग आले दिगूमामा. आईचे सख्खे भाऊ, सोयगावचे. मेघाचे मामा, म्हणून वधूपक्ष. पण मामींचा सख्खा भाचा म्हणजेच नवरदेव. सोयरीक मामांनीच जमवलेली! म्हणून वरपक्षातही. मी त्यांना दोन्हीकडं लिहिलं आणि साधन लालभडक झालं. एक्सएमएल म्हणजे डब्यात डबा. एक डबा एकाच वेळी दोन डब्यांत कसा बसणार? एक मामा काढणं भाग होतं. मी वधूपक्षातला काढला.

साधन पुन्हा लाल. वधूपक्षात एक मामा असलाच पाहिजे, हा नियम मीच घातला होता. मग मी तिथं बंडूमामाला बसवलं, आईच्या मावसभावाला. दिगूमामा आणि बंडूमामा शेताच्या बांधावरून कैक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण साधनाला ठाऊक नव्हतं! हिरवी अक्षरं आली, 'मॉडेल वैध आहे.' आनंदानं मी दोन कप चहा प्यालो.

बजाजनगरजवळच्या मंगल कार्यालयाच्या फाटकात दिगूमामांची जीप शिरली आणि तिथंच थांबली. मेसेज पोचला होता. 'बाजू: वरपक्ष. काम: वरातीपुढं नाचणे.' (कुणाला न दिलेलं तेवढंच एक काम उरलं होतं.) मामांचं वय साठीपुढं, गुडघ्याला पट्टा. त्यांनी काचा वर घेतल्या आणि आतून कडी लावली.

मुहूर्त जवळ आला. गुरुजी माइकवर म्हणाले, "मामांनी मुलीला घेऊन यावं!" आणि गुलाबी फेटा बांधलेले बंडूमामा उठले.

"दिगूमामा कुठंय?" मेघानं विचारलं. "ते आल्याबिगर मी हालत नाय."

तिकडं वरपक्षात मामी उभ्या राहिल्या. "आमचे हे गाडीत बसणार असतील तर मी बी गाडीतच जाती." नवरदेवाची सख्खी आत्या निघाली म्हटल्यावर नवरदेवाचे वडीलही उठले. नवरदेव बिचारा एकदा आत्याकडं बघे, एकदा रिकाम्या पाटाकडं. मेघाचे डोळे भरून आले.

"तुझी पीएचडी घाल चुलीत," बापू दात आवळून म्हणाले, "अन् मामाला उतरीव!"

मी जीपकडं धावलो. काच चार बोटं खाली आली.

"मामा, चूक झाली. चला ना."

"कशाला? वरात झाली की. नाचून झालं माझं!"

"मामा, त्या एक्सएमएलमध्ये एक माणूस एकाच ठिकाणी बसतो."

"अन् आपल्यात? इथं मांडवात दोन्हीकडचा नाय असा एक माणूस दाखीव मला!"

मी मांडवाकडं पाहिलं. एकही दिसेना. खरं तर, माणूस एकीकडं लिहून दुसरीकडून नुसता त्याचा संदर्भ द्यायची सोय एक्सएमएलमध्ये आहे. माझ्या प्रबंधाचा दुसरा अध्यायच त्याच्यावर आहे. हे मामांना सांगण्याची हिंमत मला झाली नाही.

"मामा, मेघा रडायलीय," मी म्हणालो.

कडी निघाली. "आधीच नाय का सांगायचं, येड्या!" गुडघा विसरून मामा तरातरा चालत सुटले. बंडूमामांनी त्यांना येताना पाहिलं, डोक्यावरचा फेटा उतरवला आणि पुढं केला. दिगूमामांनी तो घेऊन आपल्या डोक्यावर घातला. मेघाच्या पाठीशी मामा उभे राहिले आणि अक्षता पडल्या. मी हुश्श केलं.

मग कानपिळीचा विधी आला. नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा, म्हणजे माझा. मी ऐटीत पुढं झालो, हात लांबवला, आणि मागून दिगूमामांनी माझाच कान धरला!

"थांबा गुरुजी! आधी ह्याचा होऊ द्या!"

दोन्ही पक्ष एकदमच हसले. मामांनी माझा कान दोनदा पिळला, एकदा वधूपक्षाकडून, एकदा वरपक्षाकडून. फोटोग्राफरनं दोन्ही वेळा फोटो काढले.

आता प्रबंध सादर केलाय. शेवटच्या अध्यायात मी प्रामाणिकपणे लिहिलंय, 'साधन प्रत्यक्ष वापरकर्त्यांवर तपासण्यात आले व त्यांचा अभिप्राय थेट मिळाला.' मॅडम खूश झाल्या. अभिप्राय नेमका कुठं मिळाला, ते मी लिहिलेलं नाही.