ग्रँडाच्या कपाटाची किल्ली

आमची मुलगी इथे परदेशात शाळेत पहिल्या वर्गात जायला लागली तेव्हा दुपारी तिला सांभाळणार कोण, हा प्रश्न उभा राहिला. नवरा ब्लँचर्डस्टाउनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, मी औषधांच्या कारखान्यात. राहायला आम्ही शहराच्या पार बाहेर, शेतांच्या मधोमध एक घर घेतलं होतं. शाळा दुपारी लवकर सुटते आणि आम्ही दोघंही संध्याकाळशिवाय घरी येत नाही. शेजारच्या शेतावरच्या बाईंनी हा प्रश्न कुंपणापाशी उभ्या उभ्या सोडवला. "माझी नातवंडं ऑस्ट्रेलियात आहेत," त्या म्हणाल्या. "घर फार शांत असतं. तिला माझ्याकडे राहू दे."

तेव्हापासून त्या तिच्या नॅना, म्हणजे आजी झाल्या आणि त्यांचे यजमान ग्रँडा, म्हणजे आजोबा. ग्रँडा उंच, किंचित वाकलेले आणि मोजकं बोलणारे. त्यांच्याकडे मेंढ्या होत्या आणि सगळ्या गोष्टींवर त्यांचं एकच उत्तर होतं, 'ग्रँड', म्हणजे छान. पाऊस आला तरी ग्रँड, मेंढी आजारातून उठली तरी ग्रँड. मुलगी त्यांच्या मागे मागे गोठ्यात जायची, बादली धरायची आणि संध्याकाळी अंगाला लोकरीचा वास घेऊन घरी यायची.

त्या वर्षी हिवाळा संपता संपता माझी आई कराडकडून आमच्याकडे राहायला आली. दादा, म्हणजे माझे वडील, जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. आईला इंग्रजी येत नाही, पण नॅनाकडे ती दुसऱ्याच दिवशी डब्यात शंकरपाळे घेऊन गेली आणि दोघी स्वयंपाकघरात बसून खुणांनी पुष्कळ वेळ गप्पा मारत राहिल्या.

एका शुक्रवारी नॅनाकडून मुलीला घेऊन मी गावात सामान आणायला गेले होते आणि गाडीतून घरी परतत होते. आई मागच्या सीटवर होती. मुलीला मराठी समजतं, पण ती उत्तरं इंग्रजीत देते, आणि तेही इथल्या गावातल्या पोरांसारखं हेल काढून. दिवसभराच्या बातम्या देता देता ती म्हणाली, "आज ग्रँडाला त्याची किल्ली सापडत नव्हती. मग मी दिली."

"कसली किल्ली?"

"गन प्रेसची."

इथे कपाटाला प्रेस म्हणतात. गन प्रेस म्हणजे बंदुकीचं कपाट.

मी गाडी एका फाटकापाशी बाजूला घेतली. आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "तुला कुठे मिळाली?"

"निळ्या जगमध्ये. ग्रँडा तिथेच ठेवतो. आणि मग विसरतो."

"मग ग्रँडानं काय केलं?"

"थँक यू म्हणाला. आणि मला नॅनाकडे पाठवलं."

शेतकऱ्याच्या घरी बंदूक असणार हे मला ठाऊक असायला हवं होतं. इथे घराच्या राखणीसाठी म्हणून बंदुकीचा परवाना मिळत नाही, पण मेंढ्यांची पिल्लं कोल्हे नेतात, म्हणून शेतकऱ्याला मिळतो. त्यांच्या मागच्या खोलीत भिंतीला बोल्टनं पक्कं केलेलं एक उभं पोलादी कपाट होतं. मी ते पाहिलंही होतं. औषधांचं किंवा अवजारांचं असेल म्हणून मनावर घेतलं नव्हतं.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "त्यांना कसं विचारणार? चाळीस वर्षं बंदूक वापरलेला माणूस आहे. वाईट वाटेल. त्यापेक्षा सोमवारपासून शाळेच्या आफ्टरस्कूलमध्ये, तिथल्या पाळणाघरात, घालू या. काहीतरी कारण सांगू."

आई भाकरी थापत होती. ती न वळताच म्हणाली, "आनि ती बंदूक तितंच ऱ्हाईल. किल्लीबी तितंच. आपली पोर न्हाई गेली तर कुनाची तरी जाईल. इचारायचं सरळ. त्यात वाईट काय वाटायचं?"

मग तिनं मला माझ्याच लहानपणाची एक गोष्ट सांगितली. ती मी कधी ऐकली नव्हती. आमचं घर गावाबाहेर उसात, वस्तीवर होतं. आजूबाजूच्या वस्त्यांवर दरोडे पडायला लागले म्हणून दादांनी परवाना काढून बाराबोर बंदूक घेतली होती. ती भरलेली, खुंटीला टांगलेली असायची. वेळेला पटकन हाताशी यावी, असं त्यांचं म्हणणं.

"तू उभी ऱ्हायला लागलीस," आई म्हणाली, "आनि एक दिस खाटंवर चडून त्या पट्ट्याला लोंबकाळलीस. मी तुला उचललं, त्यांच्या पुढ्यात बसवलं आनि म्हनलं, चोर येतील न्हाई येतील, ही पोर तर रोजच घरात हाय. बंदूक रिकामी करा, कुलपात घाला, काडतुसं दुसऱ्या कुलपात. न्हाईतर मी हिला घिऊन माहेरी चालले."

"दादा काय म्हणाले?"

"काय म्हननार? दोन दिस बोललं न्हाईत. तिसऱ्या दिशी सुताराला बोलावलं."

ती हसली, आणि मग तव्यावरची भाकरी उलटायची राहिली हे लक्षात येऊन तिकडे वळली.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी नॅनाकडे गेलो. मुलगी बाबाजवळ घरी राहिली. ग्रँडा मेंढ्यांकडे होते. नॅनानं चहा ठेवला. मी रस्त्यात वाक्यं जुळवली होती, पण तिथे गेल्यावर ती सगळी विसरले आणि सरळ विचारलं, "तुमच्या बंदुकीची किल्ली कुठे असते?"

"त्यांच्या पट्ट्याला," नॅना लगेच म्हणाल्या. "आमची मुलं लहान होती तेव्हापासून. झोपतानाही पट्टा उशाशी. का गं?"

मी निळ्या जगचं सांगितलं. त्या दुखावल्या जातील असं मला वाटलं होतं. त्या उठल्या, भांड्यांच्या मांडणीवरचा जग खाली काढला आणि आत हात घातला. किल्ली निघाली. ती टेबलावर ठेवून त्या खुर्चीवर बसल्या. आईनं तिची खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी घेतली.

"मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "गाडीच्या चाव्या शोधत असतात, टोपी शोधत असतात, ते मी पाहते. वय झालं म्हणून सोडून देते. पण ही किल्ली त्यांनी पट्ट्यावरून काढली आणि मला सांगितलं नाही."

तेवढ्यात मागच्या दारात बूट काढल्याचा आवाज आला. ग्रँडा मोजे घालून आत आले, आम्हाला पाहिलं, मग टेबलावरची किल्ली पाहिली. त्यांना कुणी काही विचारायची गरज पडली नाही.

"शेतात पडायची भीती वाटायला लागली," ते म्हणाले. "एकदा गवतात पडली होती. अख्खी सकाळ शोधली. म्हणून त्या जगमध्ये ठेवायला लागलो. मग जगमध्ये ठेवलीय हेच आठवेना."

"मला का नाही सांगितलंत?" नॅनानं विचारलं.

ते नळाशी गेले, हात धुतले, पुसले. "तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "त्या पोरीला सगळं आठवतं. काल तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली तेव्हा मला आनंद झाला. मग रात्री जेवताना लक्षात आलं की ती लहान आहे. मी आज तुमच्याकडे येणारच होतो. आलो असतो की तेही विसरलो असतो, देव जाणे."

मी हे सगळं आईला मराठीत सांगितलं. आई त्यांच्याकडे पाहत माझ्याशी बोलली. "त्यान्ला म्हनावं, आमच्या मालकान्लाबी शेवटी शेवटी सुचंना झालं होतं. मीच म्हनलं, आता बंदूक पोलीस ठाण्यात देऊ. त्यान्ला लई वाईट वाटलं. म्हनले, मग वस्ती कोन राखंल? मी म्हनलं, मी राखते की."

मी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा ग्रँडा पहिल्यांदा हसले. त्यांनी आईला विचारलं, "राखली का?"

"राखली," आई म्हणाली. एवढं तिला न सांगताच समजलं होतं.

किल्ली त्याच दिवशी नॅनाकडे गेली. काडतुसांची पेटी वेगळ्या कुलपात होतीच. तिचीही किल्ली त्यांनी घेतली. आणि पुढच्याच आठवड्यात ग्रँडा स्वतः म्हणाले की आता बंदूक घरात नको. गार्डाला, म्हणजे इथल्या पोलिसांना, फोन केला आणि परवाना असलेल्या एका बंदुकीच्या दुकानदाराकडे ती द्यायची ठरलं. कोल्ह्यांसाठी पलीकडच्या शेतावरचा त्यांचा पुतण्या फेरी मारणार होता. त्याच्याकडे स्वतःची बंदूक होती, आणि ती त्याच्या घरी, त्याच्या कुलपात राहणार होती.

द्यायच्या आधी त्यांनी ती एकदा पुसून घेतली. आम्ही गेलो तेव्हा मुलगी सोबत होती, म्हणून नॅना तिला अंड्यांच्या निमित्तानं बाहेर घेऊन गेल्या. ग्रँडांनी नळ्या बिजागरीवर खाली वाकवून दोन्हींतून उजेड पाहिला, मलाही दाखवला, रिकाम्या आहेत हे. मग तेलाच्या फडक्यानं सावकाश पुसत राहिले. ही बंदूक त्यांच्या वडिलांची होती. आई दाराशी उभी होती. तेलाच्या वासानं तिला काय आठवलं असेल ते मी विचारलं नाही. तिनं पदर नाकाला लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

बंदूक गेल्यावर ग्रँडांनी मुलीला समोर बसवलं. "कुणाच्याही घरी बंदूक दिसली तर काय करायचं?"

"हात नाही लावायचा. तिथून निघायचं. मोठ्यांना सांगायचं."

"आणि बंदुकीची किल्ली दिसली तर?"

ती जरा थांबली. "तीपण नाही. तुला हवी असली तरी नाही."

"मला हवी असली तरी नाही," ते म्हणाले. "शाब्बास."

वसंतात ग्रँडांच्या स्मरणशक्तीची तपासणी झाली. माझी सुट्टी होती त्या दिवशी मीच दोघांना गाडीतून हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते नॅनाला आधीच कळलं होतं. परतताना त्या मागे बसून त्यांचा हात धरून होत्या आणि ते खिडकीतून बाहेर बघत, कोणाची मेंढरं कुठे चरतायत ते सांगत होते. एकही चुकत नव्हते.

आईची परत जायची वेळ आली तेव्हा नॅनानं तिला स्वतः विणलेली लोकरीची शाल दिली. कराडच्या उन्हात ती कधी वापरणार, असं मी म्हटलं तर आई रागावली.

मुलगी अजून दुपारी तिथेच असते. नवऱ्यानं आफ्टरस्कूलचा विषय पुन्हा काढला नाही. आता उलट कधी कधी नॅनाला गावात जायचं असतं तेव्हा त्या मला फोन करतात, आणि मी लवकर निघून त्यांच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसते. ग्रँडा आणि मुलगी खिडकीपाशी पत्ते खेळत असतात.

परवा घरी येताना ती म्हणाली, "आज ग्रँडा माझं नाव विसरला."

मी विचारलं, "मग?"

"मग मी सांगितलं," ती म्हणाली. "मग आम्ही टोस्ट खाल्ला."