समोर बसून गोळी देणाऱ्या सिस्टर

सिस्टरांची आणि माझी ओळख आमच्या ओट्यावर झाली. अंबडच्या कंपनीतलं काम मी नुकतंच सोडलं होतं, पुढं कुठं जायचं या विचारात घरी बसलो होतो. उपकेंद्राच्या नर्स मंदाताई गांगुर्डे घरोघरी खोकणारी माणसं शोधत दारात उभ्या राहिल्या. आई पदर सावरत म्हणाली, "मालक घरी नाय, रानात गेलेत." तेवढ्यात आतून आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, खोकला आला.

"मालक रानात, मग आत कोण खोकतंय? मांजर?" सिस्टरांनी विचारलं.

आईला हसू आवरेना. आबा ओशाळून बाहेर आले. सिस्टरांनी थुंकी तपासायची डबी त्यांच्या हातात दिली आणि त्या ओट्यावर बसून राहिल्या. डबी घेऊनच उठल्या. आबांना टीबी निघाला.

सिस्टरांच्या सत्काराचा हा अंक काढणाऱ्या गुरुजींनी मला फोनवर सांगितलं, "गौरवाचा अंक आहे, चांगलं चांगलं लिही." मी आठवी शिकलेला माणूस. नोकऱ्या बदलत बदलत आता कच्छात बंदरावर काम करतो. सजवून लिहिता येत नाही. सिस्टरांचं चांगलं सांगायचं तर आमच्या घरातलं वाईट सांगावंच लागतं. मी सिस्टरांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "सगळं लिही. लपवून लपवूनच इथवर आलोय आपण."

टीबी झाल्याचं कळलं तसं पाड्यावरची माणसं आमच्या घरचं पाणी घेईनात. सिस्टर मात्र रोज गोळी द्यायला आल्या की आईला म्हणायच्या, "वहिनी, चहा टाका. साखर कमी नका करू हं, मी काय म्हातारी झाले नाही अजून." आमच्याच कपातून सगळ्यांना दिसेल असा चहा प्यायच्या. गोळी आबांच्या घशाखाली उतरेपर्यंत हलायच्या नाहीत. वर तोंड उघडून दाखवायला लावायच्या.

आमच्या डोंगरातली माणसं दिवाळीनंतर दिंडोरीकडं द्राक्षाच्या कामाला जातात. आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, नामदेवकाका, हेही निघाले. सिस्टरांनी "जाऊ नका" म्हणून पाहिलं, पण तिकडं गेल्याशिवाय आमचं वर्ष निघत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. मग गोळ्यांची पाकिटं बांधून दिली, तिकडच्या नर्सला फोन केला, दहा वेळा बजावलं.

मळ्यावर काकाही खोकू लागले. मुकादमाला कळलं तर घरी पाठवेल, म्हणून तपासायला गेले नाहीत. आबांनी काय केलं? आपल्या गोळ्या वाटून दिल्या. एक दिवस यांनी खायच्या, एक दिवस त्यांनी. आमच्याकडं भाकरी अर्धी असली तरी मोडून दोघांत खातात. एकट्यानं खाल्लेलं कुणाला गोड लागत नाही. औषधाचंही तसंच असेल असं त्यांना वाटलं. दोघांनाही थोडं बरं वाटलं, आणि तिथंच घात झाला.

काका पावसाळ्यात गेले. आबांचा रोग उलटला, नेहमीच्या गोळ्यांना दाद देईना. ते कळलं त्या दिवशी सिस्टर येऊन बसल्या तेव्हा आबांनी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता या ओरडणार.  पण त्या एवढंच म्हणाल्या, "मागायच्या ना हो किसनभाऊ. नामदेवला वेगळ्या दिल्या असत्या मी. फुकट असतात त्या."

आबा तोंडाला टॉवेल लावून रडले.

त्यानंतर सिस्टरांची रीत बदलली. मजुरांचा टेम्पो निघायच्या दिवशी त्या फाट्यावर उभ्या राहायच्या. "गोळ्या घेतल्या का?" हे नंतर. आधी विचारायच्या, "घरात आणखी कोण खोकतंय?" कुणी चिडवायचं, "सिस्टर, ड्रायव्हरपण खोकतोय, त्याला उतरवा!" त्या खरंच त्याला उतरवून विचारपूस करायच्या. त्यातून किती घरं वाचली ते मला माहीत नाही. आमचं उशिरा कळलं एवढं माहीत आहे.

सिस्टर रिटायर झाल्या आणि त्यांची जागा रिकामीच राहिली. दुसऱ्या गावच्या नर्सकडं जादा काम दिलंय. ती बिचारी कुठं कुठं पुरणार? उपकेंद्राला बहुतेक वेळा कुलूप असतं. आबांची नवी औषधं कडक आहेत. पाय बधिर होतात, चेहरा काळवंडतो. समोर बसणारं कुणी नाही म्हटल्यावर त्यांनी गोळ्या सोडल्या. मी फोनवर भांडायचो, ते फोन आईकडं द्यायचे. आईही थकली होती. काकांच्या वाटेनं आबा चाललेले मला इतक्या लांबून दिसत होते आणि मला काही करता येत नव्हतं.

अशात कळलं की सिस्टरांनाच टीबी झालाय. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या खोकल्यासमोर बसल्या, त्याचं हे फळ. त्यांच्या शेजारणींनी त्यांना सांगितलं, कुणाला बोलू नका. सिस्टर आपल्या गोळ्या पिशवीत घालून थेट आमच्या अंगणात आल्या. तोंडाला रुमाल बांधून लांबच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "किसनभाऊ, आता मीपण पेशंट. मला बघायला कुणी नाही. तुम्ही माझ्यावर लक्ष ठेवा, मी तुमच्यावर ठेवते. काढा गोळ्या."

आबांना नाही म्हणता आलं नाही. तेव्हापासून दोघं रोज अंगणाच्या दोन टोकांना बसून गोळ्या घेतात. आबा ओरडतात, "सिस्टर, तोंड उघडून दाखवा!" त्या दाखवतात.

सत्काराला येणाऱ्या पाहुण्यांना माझी हात जोडून विनंती आहे. शाल जरूर द्या, पण त्या कुलपाचंही बघा. साठी झालेल्या आजारी बाईनं चढ चढून यावं, हा आमच्या गावाचा मोठेपणा नाही.

सिस्टरांची औषधं आबांच्या आधी संपणार आहेत. परवा आबांनी भीत भीत विचारलं, "तुमच्या संपल्या म्हंजी मग?"

"मग मी तुमच्यासमोर नुसतं पाणी पिईन," सिस्टर म्हणाल्या.

सिस्टर, तो दिवस लवकर येवो. आणि आमच्या अंगणात बसून नुसतं पाणी प्यायला तुम्हाला पुष्कळ वर्षं मिळोत.