कॅप्टन कामावर आहेत

यंत्रमानव व्हायला मला वेगळं काही शिकावंच लागलं नाही, असं माझी बायको येईल-जाईल त्याला सांगते. विचारलं तेवढंच बोलायचं, भाजी कशी झालीय ते सांगायचं नाही, ईदेला सगळं घर हसत असताना घड्याळाकडे बघत बसायचं, ही माझी पस्तीस वर्षांची तालीम आहे म्हणे. म्हणू दे. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी अवकाशातल्या एका लढाऊ जहाजावर नोकरीला लागलो आणि रेल्वेतल्या नोकरीइतकाच त्या नोकरीचाही मला अभिमान आहे.

जहाज अर्थातच खोटं. ते वडगाव मावळला एका शिक्षिकाबाईंच्या जेवणाच्या टेबलावर चालायचं. दर मंगळवारी दुपारी आम्ही चौघं तिथे जमायचो. बाईंची शाळा सकाळची. त्या गोष्ट रचून ठेवायच्या आणि आम्ही तिघं त्या गोष्टीतली माणसं व्हायचो. पृथ्वीपासून लांब, खाणींच्या एका ग्रहाजवळ युद्ध पेटलंय, आमचं जहाज त्यात सापडलंय, पुढे काय करायचं ते आम्ही बोलून सांगायचं आणि ते जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. इतकाच खेळ. पत्त्यांपेक्षा सोपा, फक्त तोंड उघडावं लागतं.

अडचण नेमकी तिथेच होती, कारण जहाजाची कॅप्टन होती माझी भाची.

ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण कार्ल्याला असते, पण भाची नोकरीसाठी आमच्याकडे लोणावळ्यात राहते. एका रिसॉर्टची बुकिंगं बघते, सगळी ईमेलवर. शनिवार-रविवारी तिथे श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून तिची सुट्टी मंगळवारची. लहानपणापासून ती बोलताना अडखळते. शब्द तिला माहीत असतो, तो ओठांपर्यंत येतो आणि तिथे अडतो. कधी दोन सेकंद, कधी वीस. फोन ती कुणालाच करत नाही. शेजारच्या खोलीतून मला मेसेज येतो, ‘मामू, चहा झालाय.’ खेळाचे नियम मात्र तिला तोंडपाठ, म्हणून बाईंनी तिलाच कॅप्टन केलं, आणि एक भिडू कमी पडत होता म्हणून तिने मला ओढून नेलं.

तिसरा भिडू पवनानगरचा. धरणाच्या काठी स्वतःच्या शेतात तंबू ठोकून पर्यटकांना उतरवतो, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवसांत तोही मोकळा. तो आमचा तोफखाना. दिसेल त्याच्यावर गोळी घालायची, हे त्याचं एकमेव धोरण.

पहिल्या दिवशी बाईंनी माझ्यापुढे चार-पाच कागद ठेवले. पायलट, हेर, डॉक्टर, आणि शेवटी एक यंत्रमानव, सहाय्यक प्रकार. त्याला बंदूक चालवता येत नाही. दुरुस्ती येते, मलमपट्टी येते आणि दुसऱ्याच्या कामाला जोर लावता येतो, म्हणजे दुसऱ्याने फासा टाकला की त्यात आपला एक फासा घालता येतो. ती ओळ मी दोनदा वाचली आणि म्हटलं, बाई, हा कागद माझा.

त्याचं कारण सांगतो. कर्जतहून लोणावळ्याला गाडी घाट चढते तेव्हा तिला मागूनही इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. सव्वीस वर्षं मी त्या मागच्या इंजिनात होतो, आधी असिस्टंट आणि मग ड्रायव्हर. पुढे डब्यांत माणसं वडे खातात, बोगदे मोजतात, दरीचे फोटो काढतात, आणि आपल्याला मागून कुणी ढकलतंय हे त्यांच्या गावीही नसतं. लोणावळ्याला बँकर सुटतो, गाडी पुण्याकडे निघून जाते. कुणी वळून बघत नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. गाडी फलाट सोडून गेली की मी मनात म्हणायचो, जा बाई, आणून सोडलं तुला वर. मग डबा उघडायचो.

तर मी सहाय्यक झालो. रेल्वेची खोड घेऊनच झालो. इंजिनात सिग्नल दिसला की एकाने तो मोठ्याने सांगायचा आणि दुसऱ्याने परत म्हणायचा, हा शिरस्ता. जहाजावरही कॅप्टनने ‘डावीकडे वळा’ म्हटलं की मी खर्जातल्या आवाजात म्हणायचो, “डावीकडे. आदेश मिळाला.” तोफखाना पहिल्यांदा पोट धरून हसला. बाईंना मात्र ते इतकं आवडलं की त्यांनी नियमच करून टाकला: यंत्रमानवाने आदेश परत म्हटला तरच त्याचा फासा त्या कामाला जोडला जाईल. माझ्या कागदावर शक्तीचे आठ चौकोन होते. मोठं काही केलं की त्यातले खोडायचे, आणि ते परत मिळणार नव्हते. मी एकेक चौकोन असा जपायचो की तोफखान्याने माझं नाव चिंगूस पाडलं.

लढाईत मात्र एक कडक नियम होता. कॅप्टनने एका मिनिटाच्या आत आदेश द्यायचा. टेबलावर वाळूचं छोटं घड्याळ असायचं. भाचीचे आदेश कित्येकदा वाळूखाली गेले. बाईंनी एकदा हळूच ते घड्याळ कपाटात ठेवायला घेतलं, तर भाचीने त्यांचा हात धरला आणि ते परत जागेवर ठेवलं.

आणि मग मी माती खाल्ली. शत्रू मागून येत होता, वाळू संपत आली होती आणि ती ‘ढाल’ या शब्दावर अडकली होती. मला दिसत होतं तिला काय म्हणायचंय. आंधळ्यालाही दिसलं असतं. मी म्हणालो, “ढाल वर करा. आदेश मिळाला.” फासे पडले, जहाज वाचलं, तोफखान्याने टाळ्या वाजवल्या. मीही खूश. ती त्यानंतर दुपारभर एक शब्द बोलली नाही.

वडगावच्या फलाटावर लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसलो होतो, तेव्हा ती बोलली. वाक्य छोटंच होतं, पण तिला खूप वेळ लागला.

“मामू, तुम्ही अगदी बरोबर बोललात. मी तेच म्हणणार होते. म्हणूनच राग आला.”

मग आणखी थोड्या वेळाने म्हणाली, “शेवटच्या मोहिमेत मला स्वतःला बोलता आलं नाही, तर मी खेळ सोडणार. कॅप्टनही नको आणि मंगळवारही नको.”

मला माझीच लाज वाटत होती. मागच्या इंजिनाचा पहिला धडा काय असतो? पुढच्याने शिट्टी दिल्याशिवाय जोर लावायचा नाही. त्याची शिट्टी येते, आपण उलट शिट्टी देतो, आणि मगच ढकलायचं. आधी ढकललं तर मधले डबे रुळावरून उचलले जातात. मी असिस्टंट असताना एकदा घाई केली होती, तेव्हा माझ्या ड्रायव्हरने कर्जत ते लोणावळा माझ्याशी बोलणं टाकलं होतं. सव्वीस वर्षं शिट्टीची वाट बघितलेल्या माणसाला पोरीसाठी मिनिटभर धीर धरवला नाही. कामशेत गेल्यावर मी तिला म्हटलं, “चूक झाली. परत होणार नाही.” तिने मान हलवली.

शेवटची मोहीम त्यानंतर महिन्याभराने आली. बाईंनी त्या दिवशी पोहे केले होते, ते कुणी धड खाल्ले नाहीत. खाणीतली तीनशे माणसं आम्ही जहाजाच्या पुढच्या भागात भरून घेतली होती आणि मागचा भाग, मागच्या मोठ्या इंजिनासकट, शत्रूच्या पकडीत सापडला होता. इंजिनघरात मी होतो. सुटकेचा रस्ता एकच होता, मागचा भाग तोडून द्यायचा आणि पुढच्या छोट्या इंजिनावर उरलेलं जहाज घेऊन निघायचं. हे सगळ्यांना कळत होतं. भाचीने तर नकाशावर नेमक्या त्या जोडावर बोट ठेवलं होतं. पण आदेश कॅप्टनच्या तोंडून यायला हवा होता.

बाईंनी घड्याळ उलटं केलं.

भाचीचे ओठ मिटले आणि तसेच राहिले. मानेची शीर ताठली. अशा वेळी लोक सभ्यपणा म्हणून दुसरीकडे बघतात आणि तेच तिला जास्त लागतं. मी तिच्याकडेच बघत राहिलो. अर्धी वाळू गेली.

“मामू, तुमी बोला की,” तोफखाना म्हणाला. “वाळू चाललीया. तीनशे मानसं हायेत.”

बाई म्हणाल्या, “नियम सांगणं माझं काम आहे. कॅप्टनला आदेश देता येत नसेल तर सहाय्यक जहाजाचा ताबा घेऊ शकतो.” त्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्या कागदावर तसं खरंच लिहिलेलं होतं.

मी खर्जातला आवाज लावला. “कॅप्टन कामावर आहेत. सहाय्यक वाट पाहतोय.”

वाळू संपली. बाईंनी शत्रूचे फासे टाकले, आमची ढाल फुटली. तोफखान्याने कपाळाला हात लावला. मी माझा कागद पुढे सरकवला. आठातले चार चौकोन तोवर मी राखून ठेवले होते. “ढाल मी धरतो,” म्हटलं, “दोन चौकोन घ्या. घड्याळ उलटं करा.”

दुसऱ्या मिनिटात ती “मागचं” एवढं म्हणाली आणि थांबली. ती वाळूही गेली. मी उरलेले दोन चौकोन खोडले. आता यंत्रमानवात काहीच उरलं नव्हतं, आदेश परत म्हणण्यापुरता आवाज तेवढा. बाईंनी घड्याळ तिसऱ्यांदा उलटं केलं. या वेळी तोफखान्यानेही हात मांडीवर घेतले आणि तिच्याकडे बघत शांत बसला. गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज विरला, तरी आम्ही तसेच होतो.

“मागचं इंजिन तोडा,” ती म्हणाली. “माणसं घेऊन पुढे निघा.”

सलग म्हणाली. वाळू थोडी शिल्लक होती.

“मागचं इंजिन तोडतोय. माणसं घेऊन पुढे निघा. आदेश मिळाला, कॅप्टन,” मी म्हणालो. तिने फासा टाकला. एक पडला, म्हणजे फसलं. मग मी माझा जोडलेला फासा टाकला, सहा. खोटं कशाला सांगू, नोकरीत मला दोनदा साहेबांनी शाबासकी दिली होती, पण त्या सहाएवढा आनंद झाला नव्हता. जहाज तीनशे माणसं घेऊन निघून गेलं. यंत्रमानव मागच्या तुटक्या भागासकट अंधारात राहिला. मला त्याचंही काही वाटलं नाही. गाडी वर पोचली होती.

तोफखाना उठून उभा राहिला. “ताई, अंगावर काटा आला बगा,” म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “आन मामू, तुमी चिंगूस हायसा त्ये लय बरं झालं.”

परतीच्या गाडीत मी मोठ्या मनाने तिला विचारलं, मामूला अंधारात सोडायचं जिवावर आलं ना, म्हणून इतका वेळ लागला ना? ती माझ्याकडे बघून हसली. “नाही मामू. ‘म’ अडकला होता.” मळवली येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. पण खरं सांगायचं तर तेच उत्तर मला जास्त आवडलं. तिला माझी दया आली नव्हती आणि मीही तिची केली नव्हती.

नव्या गोष्टीसाठी बाईंनी विचारलं, आता कोण होणार? पायलट घ्या, हेर घ्या. मी म्हटलं, सहाय्यक, तोच प्रकार, आठ चौकोन.

परवा मी तहसील कचेरीत सातबाऱ्याच्या कामासाठी एकटाच वडगावला गेलो होतो. काम उरकून बाजारातून स्टेशनकडे चाललो असताना फोन वाजला. पडद्यावर भाचीचं नाव. ती तर फोन करतच नाही. घरात काहीतरी झालं असणार. मी फोन कानाला लावला, पलीकडे कुणी बोलेना. हॅलो हॅलो करायला माझं तोंड उघडलंच होतं. मग मला पलीकडचा श्वास ऐकू आला, आणि मी तोंड मिटलं.

रस्त्याच्या कडेला, भाजीवाल्यांच्या ओळीत, टेम्पोचे हॉर्न ऐकत मी उभा राहिलो. कोथिंबिरीची पाटी मांडून बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, “भाऊ, जरा बाजूला व्हता का?” मी हाताने थांबा म्हटलं. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही.

“मामू,” ती म्हणाली. “येताना कोथिंबीर आणा.”

“कोथिंबीर,” मी भर बाजारात खर्जातल्या आवाजात म्हणालो. “आदेश मिळाला, कॅप्टन.”

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या पाटीत होत्या तेवढ्या सगळ्या जुड्या मी घेतल्या. घरी बायकोने पिशवी ओट्यावर उपडी केली आणि विचारलं, एवढी कशाला? मी म्हटलं, वरून हुकूम होता.