गाळणीबाई आणि हिरवं पाणी

गाळणीबाई हे नाव त्यांना कामावरून चिकटलं. सागर संशोधन केंद्राच्या तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत, त्या तेवीस वर्षं समुद्राचं पाणी गाळत आल्या होत्या. जहाज परतलं की बाटल्यांचे खोके खाली यायचे. पाणी गाळलं की कागदावर फिकट हिरवा डाग उरायचा. तो डाग म्हणजे लाखो प्लवक, डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पती. त्यांच्यात वाढीला लागणारं नत्र किती नि स्फुरद किती, हे बाई मोजायच्या.

पण समुद्रावर त्या एकदाही गेल्या नव्हत्या. कानाचं जुनं दुखणं. मान वळवली तरी घेरी यायची. जहाजावर चढायला डॉक्टरांची सही लागे. बाईंनी तीनदा अर्ज केला, तीनदा डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

"अगं, किनाऱ्यावरून दिसतोच की समुद्र," नवरा समजूत घालायला म्हणाला.

"त्याची कड दिसते हो," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. फक्त जहाज सुटायच्या दिवशी त्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून धक्क्यावर जात आणि ठिपका दिसेनासा होईपर्यंत उभ्या राहत. घरी उशिरा पोचल्या की सांगत, बँकेत रांग होती.

वरच्या मजल्यावर गणिती बसे. हुशार, पण घाईचा. प्लवक कसे वाढतात नि कधी सरतात, याचं गणित तो संगणकावर मांडी. त्याने धरलेला नियम सरळ होता: सोळा भाग नत्राला एक भाग स्फुरद. स्फुरद संपलं की वाढ थांबली. त्याच्या हिशोबाने पाणी हिरवं झाल्यापासून विसाव्या दिवशी निवळायला हवं होतं. जहाजावरून परतलेले लोक मात्र सांगत होते, पाचव्या आठवड्यातही हिरवंगार होतं.

गणिती तावातावाने खाली आला. "बाई, तुमचे आकडे बघा. सव्विसाला एक, अठ्ठाविसाला एक! कुठेतरी हात चुकलाय."

बाईंना ते लागलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "शीतपेटीत प्रत्येक नमुन्याचा दुसरा कागद राखून ठेवलाय, सर. पुन्हा मोजते."

चार दिवस त्यांनी मान वर केली नाही. पाचव्या दिवशी कागद घेऊन स्वतः जिना चढल्या. आकडे तेच होते.

"इतक्या कमी स्फुरदावर हे जगतात कसे?" गणिती चक्रावला.

"भागवतात, सर. मिळेना झालं की थोड्यात भागवतात. वाढही जरा हळू करतात, पण थांबत नाहीत. तुम्ही त्यांना सोळाच्या दाव्याला बांधून ठेवलंत."

गणिती संगणकाकडे वळला. त्याने ते प्रमाण मोकळं सोडलं. पाण्यात जे मिळेल त्याप्रमाणे बदलू दिलं. गणित पुन्हा चालवलं, तर आलेखाची रेघ जहाजावरच्या नोंदींवर जवळजवळ चपखल बसली. शोधनिबंधावर त्याने बाईंचं नाव आपल्या शेजारी घातलं आणि उत्साहात म्हणाला, "पुढच्या सफरीला तुम्हीच चला!"

"मला सोडत नाहीत, सर," बाई म्हणाल्या, आणि कागद नीट करत राहिल्या.

त्या सफरीला गणिती गेला. तोही याआधी समुद्रावर गेला नव्हता. सहाव्या दिवशी दुपारी तळमजल्यावर जहाजाचा फोन आला.

"बाई, दोन दिवस आडवा आहे. पोटात काही टिकत नाही," गणिती मलूल आवाजात म्हणाला.

"पाणी पाहिलंत?"

"खिडकीतून. हिरवं आहे."

"कसलं हिरवं?"

"म्हणजे... हिरवंच."

"सर, उठा," बाईंचा आवाज एकदम चढला. "तेवीस वर्षं मी कागदावरचे डाग बघतेय. तुम्ही तिथवर जाऊन झोपून कसले राहिलात? वर जा."

धापा ऐकू आल्या, लोखंडी जिन्याचा आवाज, मग वारा. गणिती सांगायला लागला: जहाजाजवळ पोपटी, पुढे गडद, मधे दुधाळ पट्टे, आणि टोक कुठेच नाही. शब्द अपुरे पडले तसा तो अडखळला.

"राहू द्या," बाई हळूच म्हणाल्या. "बोलू नका आता. फोन नुसता कठड्याबाहेर धरा."

त्याने धरला. बाईंनी दुसऱ्या कानावर तळहात दाबला आणि डोळे मिटले. पाणी जहाजावर आपटत होतं, मागे सरत होतं, पुन्हा येत होतं. खोली जराशी फिरल्यासारखी झाली. त्यांनी टेबलाची कड घट्ट पकडली, पण फोन खाली ठेवला नाही.