संक्रांतवेलीचं नाव

इथे गुजरातेत, हरणीतल्या आमच्या घराच्या फाटकावर संक्रांतवेल आहे. हे निवृत्त झाले त्या वर्षी ह्यांनीच ती लावली. गोरव्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून जन्म गेला, पण झाडांचा नाद आधीपासूनचा. जानेवारीत अख्खं फाटक केशरी होई आणि येणारा-जाणारा नाव विचारी. हे हौसेनं सांगत, की ही मूळची ब्राझीलची, पण इकडे ऐन संक्रांतीला फुलते, म्हणून आपल्या लोकांनी तिला संक्रांतवेल म्हटलं. समोरच्या बेनना ते गुजरातीतून सांगत आणि त्यांच्यात संक्रांतीला उत्तरायण म्हणतात म्हणून वर म्हणत, "तमारी उत्तरायणनी वेल."

मागच्या पावसाळ्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. समजायचं बरंचसं, पण शब्द एकच उरला: पाना. कारखान्यात नट आवळायला जन्मभर हातात धरलेला तो पाना. चहा हवा असला तरी पाना, पंखा बंद करायचा तरी पाना. वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या, आवडीच्या गोष्टी दाखवा, नावं म्हणवून घ्या. मग मी रोज सकाळी ह्यांची खुर्ची फाटकाशी नेई, वेलीला हात लावून "संक्रांत..." म्हणे आणि थांबे.

एकदा ह्यांनी डाव्या हातानं वेलीचं पान चिमटीत धरलं आणि म्हणाले, "पाना." मला वाटलं, पानच म्हणताहेत. मी लगेच पुण्याला मुलीला फोन केला. ती रडायलाच लागली. संध्याकाळी ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि तेच म्हणाले. मुलीला ते मी कळवलं नाही.

संक्रांतीला वेल फुलली. गच्च्यांवर पतंगांचा गलका चालला होता. समोरच्या बेन चिक्की घेऊन आल्या आणि चांगल्या मनानंच त्यांनी विचारलं, "काका, आ वेलनुं नाम शुं?"

हे फुलांकडे बघत राहिले. ओठ हलले. मी मनातल्या मनात ते नाव म्हणत होते.

"पाना," हे म्हणाले. आणि या वेळी ते त्यांनी स्वतः ऐकलं. डावा हात तोंडावर दाबून धरला, तो बेन गेल्या तरी काढला नाही.

तेव्हापासून हे काहीच बोलत नाहीत. डॉक्टरांनी आता आशा ठेवू नका म्हणून सांगितलंय. खुर्ची मी आत आणून ठेवली आहे. परवा वाचा-उपचाराच्या बाईंनी फोनवर विचारलं, सराव चालू आहे ना? मी हो म्हटलं.