सातारच्या सिनेगॉगातला दहावा माणूस

माणसं जितकी कमी, तितके किस्से जास्त होतात, बघा. साताऱ्यात आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, पुरुष फक्त दहा! सगळे नोकरीपायी कोकणातून घाट चढून आलेले. भाड्याच्या दोन खोल्या, तेच आमचं सिनेगॉग, प्रार्थनाघर. दहा पुरुष जमल्याशिवाय तोराची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, पोथी काढायची नाही, हा नियम. त्यामुळे शनिवार उजाडला की मी आधी दारात उभा राहून वाट बघायचो.

*

त्यात माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत, दृष्ट लागते. प्रार्थना चालवणारे आमचे हजान मोझेसकाका दहा शब्दांचं एक हिब्रू वचन घेत आणि माणसागणिक एकेक शब्द म्हणत. नवव्या शब्दाला थांबले की आम्ही सगळे रस्त्याकडे बघायचो.

एकदा रुबेनमामा तापानं फणफणले. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, टांगा वर्ज्य, म्हणून चौघांनी त्यांना बाजेसकट उचलून आणलं. वाटेत लोकांनी मढं समजून हात जोडले! प्रार्थना संपल्यावर मामा कण्हत म्हणाले, "आता मेलो तर चालेल ना?"

"पुढच्या शनिवारपर्यंत नको," काका म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

*

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत आमच्यातला एझ्रा पलटणीत कारकून म्हणून पुण्याला गेला आणि आम्ही नऊ उरलो. मोठ्या उपासाला, आमच्या वर्षातल्या सगळ्यात पवित्र दिवसाला, त्यानं रजा मागितली. साहेबानं विचारलं, घरी कोण आजारी आहे? हा म्हणाला, कुणी नाही, नऊजण खोळंबलेत. साहेब भडकलाच.

शेजारी आमच्या साताऱ्याकडचे सुभेदार उभे होते. "साहेब, क्रिकेटच्या टीममधी अकरावा गडी न्हाई, तर मॅच व्हईल का?"

दोन दिवसांची रजा मिळाली. एझ्रा दारात दिसला तेव्हा मी रडलोच.

*

शेजारचे हसनभाई फोटो स्टुडिओवाले. एका शनिवारी आम्हाला ताटकळलेलं पाहून म्हणाले, "येकच मानूस कमी हाय न्हवं? मी बसतो की!"

माणूस इस्राएलच लागतो, हे काकांनी त्यांना समजावलं. तेव्हापासून आमचा घोर त्यांनाही लागला. दर शनिवारी विचारायचे, झाले का समदे?

*

लढाई संपली, एझ्रा परतला. पुन्हा दहा झालो, हायसं वाटलं. तेवढ्यात तिकडं इस्राएल देश झाला! काकांनी आम्हाला तोराच्या कपाटासमोर उभं केलं आणि विचारलं, कोण जाणार आहे? आत्ताच सांगा. एकेकानं नकारार्थी मान हलवली. मीही हलवली. खोटं बोललो.

पुढच्या शनिवारी प्रार्थना संपताच हसनभाई खुशीत आत आले. समदे एका जागी घावतील म्हणून पासपोर्टचे फोटो घेऊनच आले होते. नाव वाचून एकेकाच्या हातात पाकीट दिलं. नऊ पाकिटं. कुणी कुणाकडे बघेना.

शेवटी एझ्रा म्हणाला, "काका, तुम्ही तेवढे राहताय. पोथीची काळजी मिटली."

हसनभाई हसले. "आवं, काकांचा फोटू तर समद्यांच्या आदी काढला! कवाच न्हेला त्येंनी."

काकांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. कपाटाला कुलूप लावलं.

"पुढच्या शनिवारी वेळेवर या," म्हणाले.